शर्ट खुंटीला लावताना पोरगी दचकली

तिफण (जि. परभणी)

मंडळी, इथं बऱ्याच वर्षांपासून वाचतो, लिहितो क्वचित. आज लिहायला बसलो, कारण ही गोष्ट घरात कुणाशी बोलता येईना आणि मनातून जाईना.

माझं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बी, खत, फवारणीची औषधं. मृग निघाला की पुढचे दोन महिने सकाळी सातला शटर वर जातं ते रात्री नऊलाच खाली येतं. मागच्या महिन्यात एका रात्री असाच घरी आलो. पोरगी ओसरीत अभ्यास करत बसली होती. चौथीत आहे. ती बसते त्याच्या वरच भिंतीत एक लाकडी खुंटी आहे, आमच्या आजोबांच्या काळातली. मी शर्ट काढला, खुंटीला लावायला हात वर केला, आणि तिनं मान खाली घालून दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मी तिला आजवर बोट लावलेलं नाही. तिनंही लगेच हात खाली घेतले आणि सतराचा पाढा पुढं म्हणायला लागली, जणू काही झालंच नाही. बायको आत भाकरी टाकत होती, तिनं पाहिलं नाही. शर्ट माझ्या हातातच राहिला.

त्या रात्री झोप आली नाही. मी मारत नाही, पण ताट आपटतो. दार ढकलतो. फोनवर ओरडतो. "तुला एकदा सांगून कळत नाही का" हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा जातं हे मी कधी मोजलं नव्हतं. आमचे वडील आम्हाला मारायचे. त्यांच्या चपलांचा आवाज आला की आम्ही भावंडं मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायचो. मी मारत नाही, एवढ्या एका फरकावर मी दहा वर्षं स्वतःला चांगला बाप समजत आलो.

दुसऱ्या दिवसापासून एक केलं. दुकानातल्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी आवाज चढला त्या तारखेच्या चौकटीत 'रा' लिहायचं आणि वेळ टाकायची. कुणावर, कशावरून, ते काही लिहायचं नाही. पहिले चार-पाच दिवस रात्री अंथरुणावर पडल्यावरच आठवायचं की आज अमक्या वेळी ओरडलो. मग ओरडून झाल्या झाल्या आठवायला लागलं. मग एकदा ओरडताना मध्येच आठवलं, आणि वाक्य अर्धं राहिलं. आणि परवा, ओरडायच्या आधी. पोरगा दुकानात बसला होता, त्याच्या हातून पावतीपुस्तकावर चहा सांडला. मला माझी कानशिलं गरम झालेली कळली. दात आवळलेले कळले. श्वास छातीतच अडकला होता, पोटापर्यंत जात नव्हता. हे सगळं होत असताना मी ते बघत होतो. तरी ओरडलोच. पण बघत होतो.

तीन आठवड्यांनी कॅलेंडर खाली घेऊन बसलो. 'रा' सगळीकडं सारखे पसरलेले नव्हते. दुपारी तीन-चारच्या सुमारास काही, जेव्हा गिऱ्हाइकांमुळं जेवण राहिलेलं असतं. बाकी जवळजवळ सगळे रात्री साडेआठ ते साडेनऊ. आणि ते आठवून पाहिले तेव्हा दिसलं की ज्यांनी मला दिवसभरात दुखावलं त्यांच्यावर एकदाही आवाज चढलेला नाही. कंपनीचा वसुलीवाला फोनवर वाट्टेल ते बोलतो, त्याला मी "हो साहेब, बघतो साहेब" म्हणतो. उधारी बुडवणारा मोठा बागायतदार समोर बसून चहा पितो, त्यालाही काही बोलत नाही. ते न बोललेलं सगळं घरी येऊन ताटावर निघतं. आमच्याकडं पाणी जसं उताराकडं जातं तसा माझा राग माझ्याहून लहान असेल त्याच्याकडं जातो. आणि घरात सगळ्यात लहान ती आहे.

आता दिसायला लागलंय, पण थांबत नाही. नुसतं पाहून थांबतं का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा. रोजच्या घरातलं सांगा.

---

बाभळबन

तिफण दादा, तिसऱ्या परिच्छेदानंतर फोन बाजूला ठेवला आणि माझ्या पोराच्या शेजारी जाऊन बसलो. तुमच्यासारखं कॅलेंडर मीही लावणार. बाकी मला लिहिता येत नाही, वाचतोय.

---

गोदाकाठची (नांदेड)

माझा राग आवाज करत नाही. मी अबोला धरते. कामापुरतं बोलायचं, ताट वाढायचं, पण तोंडाकडं बघायचं नाही. चार-चार दिवस चालतं. घरातल्यांना वाटतं आई शांत आहे. मलाही तसंच वाटायचं. मागच्या वर्षी माझ्या मुलानं सकाळी शाळेला जाताना चपला घालता घालता विचारलं, "आई, आज तू बोलणार हायेस का?" जसं पाऊस येणार का विचारावं तसं. त्याला छत्री घ्यायची की नाही तेवढंच ठरवायचं होतं.

तिफण, तुमच्या पोरीचे डोक्यावर गेलेले हात आणि माझ्या पोराचा तो प्रश्न मला एकच वाटले.

माझी आजी गंगाखेडकडची, जनाबाईच्या गावची. तिला अबोला माहीत नव्हता, कारण तिला जातं होतं. पहाटे उठून दळताना सासूचं, नणंदेचं, न आलेल्या भावाचं, सगळं जात्याला सांगायची. ओवी म्हणजे गाणं असं आपण म्हणतो, पण तिच्या तोंडी ते सांगणं होतं. गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. दळायचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण ते सांगणं कुठं गेलं याचा विचार कुणी केला नाही. आईच्या पिढीपासून आमच्या घरात बायका गप्प व्हायला लागल्या.

मी काय करते ते सांगते. मोठं काही नाही. संध्याकाळच्या भाकरी हाच माझा वेळ. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कढत पाण्यात भिजवून जोर लावून मळावं लागतं. राग असला की मी मळायला वेळ देत नाही आणि थापताना भाकरीची कड चिरते. आधी मी ती चिरलेली कड बोटानं दाबून पुढं जायची. आता कड चिरली की थांबते. गोळा परत काठवटीत घेते, पाण्याचा हात लावते आणि पुन्हा मळते. तळव्याला पीठ किती चिकटतंय, गोळा गार आहे की कोमट, एवढंच बघते. तेवढ्यात मनात काय आहे ते वर येतं. कधी निघतं की सकाळी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर बोललेलं लागलंय. कधी निघतं की काही नाही, नुसती दमले आहे. मग ते नवऱ्याला सांगते. "आज शाळेत असं झालं, मला वाईट वाटलंय, तुमच्यावर राग नाही." हे एक वाक्य तोंडातून काढायला मला अख्खं वर्ष लागलं. अजूनही दर वेळी निघत नाही.

---

मनमोकळी (छत्रपती संभाजीनगर)

मी समुपदेशन करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

तिफण, तुम्ही चौकटीत 'रा' लिहिलंत ते साधं काम नाही. भावनेला नाव देण्यावर मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितलं. शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली आणि कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागातलं काम वाढलेलं दिसलं. अमिग्डला म्हणजे धोका दिसताच शरीराला तयार करणारा भाग. कानशिलं गरम होणं, दात आवळणं, श्वास वर अडकणं ही त्याचीच कामं.

त्या श्वासाबद्दल एक. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून रागाच्या वेळी "खोल श्वास घे" म्हणण्यापेक्षा सोडणं लांबवलेलं जास्त उपयोगी पडतं. घेताना तीनपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. पाच-सहा वेळा. याचा सराव राग नसतानाच करायचा, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही. पोहणं पुरात शिकता येत नाही.

गोदाकाठची, आजीच्या ओवीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून जेम्स पेनबेकर आठवले. त्यांनी १९८६ च्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं. लिहिताना त्या मुलांना जड गेलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं इतर मुलांपेक्षा कमी झालं. बोलायला माणूस नसेल तर वही चालते. आजीचं जातं चालत होतं तसंच.

आणि तिफण, तुम्ही विचारलंत पाहून थांबतं का. काही वेळा थांबतं. पण दुपारचं जेवण चारला होत असेल तर ते आधी दोनला आणा. कॅलेंडरनं तुम्हाला ते दाखवलं आहे. सगळंच मनात शोधायचं नसतं.

---

बालाघाट (जि. बीड)

तिफण दादा, तुमचं मन साफ आहे हे दिसतंय. पण मला या सगळ्यात एक खटकतं ते बोलतो, राग मानू नका.

आमच्या गावातून दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच अंगावर असते. ती बाई पहाटे तीनला उठते, लेकरू उसाच्या पाचटावर झोपवते आणि मोळ्या बांधते. तिला सांगायचं का श्वासाकडं बघ म्हणून? मी स्वतः सोयाबीन करतो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. मी आडतीवर त्याच्या खालीच विकलं, कारण खरेदी केंद्राच्या रांगेत थांबायला हातात पैसा नव्हता. मला राग येतो तो बरोबर येतो. तो मी बघत बसलो आणि शांत झालो, तर फायदा कुणाचा झाला?

मन शांत करा, मन शांत करा, हे नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच का सांगतात?

---

तिफण

बालाघाट भाऊ, राग कशाला मानू. तुमचा मुद्दा मला लागला. दोन दिवस विचार करून उत्तर देतोय.

वसुलीवाल्यावरचा माझा राग खोटा नव्हता. पण तो पोरीपर्यंत पोचला. वसुलीवाल्याचं काय झालं? काही नाही. बागायतदाराची उधारी वसूल झाली? नाही. माझ्या रागाचा पत्ता चुकत होता. तो विझवायचा असं मी म्हणत नाही. कुठं जायला निघाला होता आणि कुठं पोचला, तेवढं बघायचंय.

उसाच्या फडातल्या बाईबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिला मी काही सांगणार नाही. माझ्याकडून तिला सांगण्यासारखं काही नाहीच.

---

नाथषष्ठी (पैठण)

वय बहात्तर. नातू टाइप करून देतो.

आमच्या गावात लहानपणापासून एक गोष्ट ऐकवतात. संत एकनाथ, आमचे नाथ, गोदावरीत स्नान करून निघाले की वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत गंगेवर जायचे, परत स्नान. असं एकशे आठ वेळा झालं. शेवटी तो पाया पडला तेव्हा नाथ म्हणाले, तुझ्यामुळं आज मला इतक्या वेळा गोदास्नान घडलं.

मी ही गोष्ट माझ्या सुनेला सांगायचो. ती तक्रार करायला आली की सांगायचो. बालाघाट यांचं वाचल्यावर रात्री लक्षात आलं की मी ती गोष्ट कधी माझ्या मुलाला सांगितली नाही. ज्याचा आवाज चढायचा तो तर तो होता. मी ती गोष्ट नेहमी ऐकणाऱ्याला सांगत आलो, थुंकणाऱ्याला नाही. नाथांनी जे केलं ते स्वतःवर केलं होतं, दुसऱ्याला शिकवायला नव्हे.

काल सुनेशी हे बोललो. ती काही बोलली नाही, चहा आणून ठेवला.

---

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

नाथषष्ठी आजोबा, तुमचं लिहिणं वाचून मला माझ्या वडिलांचं लिहायचं धाडस झालं.

बालाघाट यांचा प्रश्न आमच्या घरात फार जुना आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव आमच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. जळालेल्या घरातून आजीनं एक पितळी तांब्या तेवढा काढला, तो आजही आमच्याकडं आहे. तिथून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं वडील मोर्चात, सभेत, जिथं जायला हवं तिथं गेले. त्यांचा राग कधी शांत झाला नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं.

पण त्या रागाचा एक शब्द त्यांनी आमच्यावर काढला नाही. हे कसं, ते मला मोठं झाल्यावर कळलं. ते संध्याकाळी घरी आले की सरळ आत यायचे नाहीत. बाहेर ओट्यावर बसायचे. आई त्याच तांब्यातून पाणी आणून द्यायची. ते पाणी एकदम प्यायचे नाहीत, घोट घोट घ्यायचे, आणि तांब्या संपेपर्यंत घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. तांब्या रिकामा झाला की हाक मारायचे, मग आम्ही पळत जायचो. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही तिथं बसून काय करता?" म्हणाले, "कुणाचं काय कुणाला द्यायचं नाही, ते बघतो." ते विहारात वंदनेला जायचे, पण ध्यान हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही.

तिफण, तुम्ही लिहिलंत की आधी रात्री आठवायचं, मग लगेच, मग मध्येच. पालीत ज्याला 'सति' म्हणतात तो शब्द संस्कृत 'स्मृति'चाच भाऊ आहे. मूळ अर्थ आठवणच. इंग्रजीतून तो परत आपल्याकडं आला तेव्हा 'सजगता' झाला आणि शिबिरांच्या पाटीवर गेला. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात चित्ताकडं बघायचं सांगितलंय तिथं द्वेषानं भरलेलं चित्त असेल तर 'हे द्वेषानं भरलेलं आहे' एवढं जाणावं, असं आहे. वाईट म्हणून शिक्का मारायचा नाही. ज्याला स्वतःचा राग स्पष्ट दिसतो तो अन्यायाविरुद्ध कमी लढतो असं मी तरी पाहिलेलं नाही. माझ्या घरात उलटं पाहिलं.

---

मुक्काम पोस्ट जालना

मी दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलंय. सत्यनारायण गोयंका १९६९ ला ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ ला इगतपुरीचं केंद्र उभं राहायला लागलं, तेव्हापासून ही शिबिरं आपल्याकडं रुजली. फी नाही, दानावर चालतं. पहाटे चारला घंटा. मौन. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघायच्या.

खरं सांगतो, सहाव्या दिवशी मला माझ्या भावाबद्दल जे वाटतं ते इतकं वर आलं की मी बाहेर लिंबाखाली जाऊन रडलो. वाटलं, सुटलं आता. घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी बांधावरून त्याच भावाशी भांडलो. बांधाचे दगड हातात घेईपर्यंत गेलो. शिबिर वाया गेलं असं तेव्हा वाटलं. आता सात वर्षांनी म्हणतो की दगड हातात घेतला आणि मला त्याचा थंडपणा कळला, तळव्याला. तेवढ्यानं तो खाली ठेवला गेला. शिबिरातून मला मिळालं असेल तर ते तेवढंच. आम्ही पुढं मोजणी आणली, भूमी अभिलेखचा माणूस आला, हद्द ठरली. भावाशी अजून फार बोलणं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मात्र आठ दिवस आधी जाऊन राहिलो.

ज्यांना जमेल त्यांनी जावं. पण तिथून माणूस बदलून येतो अशी अपेक्षा घरच्यांनी ठेवू नये, आणि जाणाऱ्यानंही.

---

गोदाकाठची

दहा दिवस घर सोडून जाणं आमच्या इथल्या किती बायकांना जमेल? मला अजून जमलेलं नाही. म्हणून भाकरी.

---

कंदील (जि. लातूर)

मी हे कुठं लिहिलेलं नाही.

किल्लारीच्या पलीकडं आमचं गाव होतं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी नऊ वर्षांचा. आमची घरं दगड-मातीची, भिंती हातभर जाड, वर मातीचं छत, माळवद. ते माळवद आमच्यावर आलं. मी निघालो, धाकटी बहीण निघाली नाही.

मागच्या वर्षी आमच्या कार्यालयात ताणतणावावर एक कार्यक्रम झाला. बाईंनी चांगल्या आवाजात सांगितलं, डोळे मिटा, श्वासावर लक्ष आणा. मी डोळे मिटले आणि मला मातीचा वास आला. तोंडात माती असल्यासारखं झालं. सगळे शांत बसलेले आणि मी उठून बाहेर गेलो. नंतर कितीतरी दिवस मला वाटत होतं की जे सगळ्यांना जमतं ते मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच काही मोडलेलं आहे.

आता मी डोळे उघडे ठेवतो. चपला काढून दोन्ही तळपाय फरशीला टेकवतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाच्या फांद्या बघतो. जमीन हलत नाही हे पायांना कळू देतो. कधी पाच मिनिटं, कधी नुसतं एक. हे चालतं का? की हे ध्यान नाही?

---

मनमोकळी

कंदील, चालतं. अगदी चालतं. तुमच्यात काही मोडलेलं नाही. ज्यांनी असा आघात सोसलाय त्यांना डोळे मिटून आत बघायला लावणं कधी कधी त्रासाचं होतं, हे आमच्या क्षेत्रात आता नीट माहीत झालंय. डोळे उघडे, पाय जमिनीला, समोर एक स्थिर वस्तू, हीच पद्धत आम्ही सांगतो. तुम्ही ती स्वतः शोधून काढलीत. त्या बाईंनी सुरुवातीलाच "डोळे उघडे ठेवले तरी चालेल" म्हणायला हवं होतं.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ ला मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तो जुन्या दुखण्यांनी बेजार झालेल्या, डॉक्टरांनी पाठवलेल्या रुग्णांसाठी होता. आपण त्याचा पाच मिनिटांचा कार्यक्रम करतो आणि सभागृहात कोण बसलंय ते विचारत नाही.

माती तोंडात आल्यासारखं वारंवार होत असेल, झोप मोडत असेल, तर एकट्यानं निभावू नका. शासनाची टेली मानस ही सेवा आहे, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. ही ओळ मी कंदील यांच्यासाठी लिहितेय, आणि हे वाचून काही न लिहिणाऱ्यांसाठीही.

---

कंदील

नंबर लिहून घेतला. बहिणीचं नाव इथं लिहीत नाही, पण आज तिच्याबद्दल बायकोशी बोललो. तिला एवढंच माहीत होतं की होती.

---

तिफण

मंडळी, महिना होत आला. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचतो.

नागसेनवन दादा, तुमच्या वडिलांचा ओटा मी घेतला. आमच्या दाराबाहेर दगडी पायरी आहे, तिच्यावर बसतो. बायकोला आधी सांगून ठेवलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं तब्येत बरी नाही. पाणी घेतो, घोट घोट. वसुलीवाल्याचा फोन डोक्यात असतोच. मी तो तिथं मनात पुन्हा ऐकतो, "हो साहेब" पर्यंत. मग उठतो. एकदा पाणी संपलं तरी उठलो नाही, दुसरा तांब्या मागितला.

जेवण दोनला करतो. पोरगा दुकानात थांबतो तेवढा वेळ. दुपारचे 'रा' जवळपास गेले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही, भाकरीचं आहे.

मागच्या आठवड्यात एक शेतकरी सोयाबीनची रिकामी थैली घेऊन आला. "निम्मं बी उगवलंच नाई, आता तुमीच सांगा मी काय करू?" चार माणसांत बोलला, मोठ्यानं. कानशिलं गरम झाली. मला तो माझ्यावर ओरडत नाही हे दिसत होतं. त्याचाही राग उतारानंच आला होता, कंपनीपर्यंत त्याचा आवाज जात नाही, माझ्यापर्यंत येतो. त्याला बसवलं. पावती, थैली आणि तिच्यावरचा टॅग जपून ठेवायला सांगितलं. पेरणीच्या वेळी ओल किती होती, बी किती खोल पडलं ते विचारलं. सोयाबीनची उगवण किमान सत्तर टक्के हवी असा निकष आहे, म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तक्रारीचा अर्ज माझ्याच काउंटरवर बसून लिहून दिला. समिती शेतात येऊन पाहील. अर्जात माझ्या दुकानाचं नाव विक्रेता म्हणून आहेच, ते मीच लिहिलं. बालाघाट भाऊ, राग योग्य पत्त्यावर पाठवायचा म्हणजे काय हे त्या अर्जामुळं मला थोडं कळलं.

आणि बागायतदाराला उधारीचं पत्र दिलं, रजिस्टर पोस्टानं. तो अजून बोलला नाही.

आता पोरीचं. तिनं दुकानात येऊन कॅलेंडर पाहिलं. "बाबा, 'रा' म्हंजे काय?" मी सांगितलं. राग. मी ज्या वेळी ओरडतो तेव्हा लिहितो. तिनं बोट ठेवून चौकटी बघितल्या, बराच वेळ. मग एका तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "या दिवशी पण ओरडला होतात. इथं नाई लिहिलं." मला ती तारीख आठवेना. तिला आठवत होती. मी पेन तिच्या हातात दिलं आणि तिनं तिच्या अक्षरात तिथं 'रा' लिहिला. वेळ विचारली तर म्हणाली, "सकाळी, माझी वेणी घालणं चालू होतं तेव्हा."

ती अजून दचकते. पूर्वीइतकं नाही, हात डोक्यावर जात नाहीत, पण खांदे वर होतात. ते मी पाहतो. तिला दुसरीकडं बस म्हणालो नाही, ती जागा तिची आहे. खुंटी काढून टाकायचाही विचार केला होता, मग नको वाटलं. आता रात्री आत आलो की आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, तिला दिसेन असा, आणि म्हणतो, "शर्ट लावतोय गं." ती वहीतून वर बघते, हो म्हणते, आणि मग मी हात वर करतो.